टँकच्या भिंतीवरचे आठ डाग

या धाग्यावरचे चकव्याचे, मुंजाचे, हायवेवरच्या पांढऱ्या साडीचे किस्से मी दोन महिने वाचतोय. राग मानू नका, पण निम्म्याहून जास्त भंपक आहेत. माझी नव्वदी उलटली, नातवाच्या टॅबवर एका बोटाने टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. बाकी कशात चूक नाही.

मी केमिस्ट्रीचा माणूस. डिग्री नाही, इंटर सायन्सला आपटलो होतो, पण उभं आयुष्य बाटल्या-नळ्यांमध्ये गेलं. भूत, भानामती, बाहेरची बाधा... यातलं मी काहीही मानलं नाही आणि आजही मानत नाही. एकदा तापात आईने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, तर मी ती वाटी अंगणात भिरकावली होती. स्वभावच तसा. तोंडाने फटकळ, आणि हात तोंडाच्या आधी चालायचा. गावाकडे सोलापूर जिल्ह्यात दोनदा पंचांपुढे उभा राहिलोय मारामारीपायी.

तर, गोष्ट पिंपरीची. पन्नासचं दशक अर्धं सरलेलं. आजची पिंपरी डोळ्यांपुढून काढून टाका. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला मुंबईचा रस्ता, मध्ये ज्वारीची रानं, आणि त्या रानात आमची नवीकोरी कंपनी. नाव सांगत नाही. मी तिथल्या लॅबमध्ये पाणी तपासायला होतो, वय चोवीस. कंपनीने साहेब लोकांच्या कॉलनीत क्लबच्या मागे पोहायचा टँक बांधला. पंचवीस यार्ड लांब, उथळ टोक साडेतीन फूट, खोल टोक नऊ फूट. आतून पांढऱ्या सिमेंटचं आणि संगमरवराच्या भुकटीचं प्लॅस्टर... असं गुळगुळीत की गाल घासावा. त्या पंचक्रोशीत असलं काही कोणी पाहिलं नव्हतं.

पाणी भरल्यावर दोन आठवड्यांत खोल टोकाच्या भिंतीवर डाग उमटले. निळसर काळे, लांबट. क्लबच्या सेक्रेटरीला वाटलं शेवाळ, म्हणून त्याने डबेच्या डबे ब्लीचिंग पावडर ओतली. हौसेने आधीच पोहून बघणाऱ्यांचे डोळे लाल झाले, डाग ढिम्म हलले नाहीत. उद्घाटनाला दिल्लीचे पाहुणे यायचे होते. आमच्या इंजिनिअर साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू फार शहाणा आहेस म्हणतात. बघ हे काय आहे ते."

मी टँक रिकामा करून घेतला आणि शिडी लावून आत उतरलो. आधी वही काढली. प्रत्येक डाग तळापासून किती फूट किती इंचांवर, एकमेकांपासून किती, लांबी किती, तिरका कुठल्या बाजूला... सगळं मोजून आकृती काढली. डाग आठ होते. सात डाग गुडघ्याखालपासून खांद्याच्या उंचीपर्यंत पसरलेले. आठवा वर, तळापासून चार फूट अकरा इंचांवर, हाताच्या तळव्याएवढा आणि सगळ्यांत काळा. ती वही मी पुढे अनेक वर्षं जपली, म्हणून हे आकडे पाठ आहेत.

मग निदान. डागाचं निदान करायचं तर आधी त्याला चिडवायचं असतं. एका डागाच्या कडेला ब्लीचिंग पावडरचं घट्ट लुकण थापलं. शेवाळ किंवा पालापाचोळ्याचा डाग असता तर साफ गेला असता. इथे काळेपणा गेला आणि मागे तांबूस गंज उरला. म्हणजे डागात दोन गोष्टी होत्या. एक ब्लीचिंगने मारली, दुसरी मागे राहिली, ती म्हणजे लोखंड. लोखंड कुठून आलं ते उघड होतं - नदीकाठच्या विहिरीचं पाणी नव्या लोखंडी पाइपातून येत होतं. पण नुसत्या लोखंडाचा डाग तांबडा पडतो. हा निळा-काळा का?

विचार करता करता मला आमच्या शाळेतले मास्तर आठवले. हिरडा आणि हिराकस उकळून ते वर्गासाठी शाई करायचे, अगदी ह्याच रंगाची. हिराकस म्हणजे लोखंडच. मग भिंतीत हिरडा आला कुठून?

प्लॅस्टरचा शेवटचा हात म्हादबा गवंड्याने दिला होता. पिंपळे गुरवचा माणूस, पन्नाशी उलटलेला, बुटका, अंगाने काटक. रोज नदी ओलांडून यायचा. आयुष्यभर चुन्याचं काम केलेलं... देवळं, आड, हौद. मी त्याला सहज विचारलं, "म्हादबा, तुम्ही शेवटच्या थरात काय घातलंत?"

त्याने लपवलं नाही. उलट खुशीत येऊन म्हणाला, "हिरड्याचं पानी, सायेब. आन् मूठभर गूळ. चुन्यात घालतोच आमी. माज्या बाच्या हातचे हौद हाईत अजून, थेंब गळत न्हाई."

"अहो, पण हे सिमेंट आहे, चुना नाही."

"आसंल की. पन भित तर भितच न्हवं?"

मी हसलो. इतका खूश झालो होतो स्वतःवर की काय सांगू. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब, ठेकेदार आणि त्याची सगळी माणसं टँकच्या काठावर जमलेली असताना मी झोकात जाहीर केलं, "साहेब, हा डाग नाही, ही शाई आहे. पाणी आपलं, पण हिरडा कोणाचा ते ह्या म्हादबांना विचारा."

बस. तेवढंच बोललो मी. एवढं चारचौघांत बोलायची गरज नव्हती, लॅबमध्ये बसून कागदावर लिहून देता आलं असतं. पण शहाणपणा मिरवायचा होता ना.

साहेब ठेकेदाराला इंग्रजीत दोन वाक्यं बोलले आणि निघून गेले. ठेकेदाराचं नाव मी देत नाही, त्याची नातवंडं असतील कुठेतरी. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. शेठने एका मजुराच्या हातातलं फावडं घेतलं, दगडावर आपटून पातं सोडवलं आणि नुसता दांडा घेऊन शिडी उतरला. म्हादबा खाली भिंतीपाशीच उभा होता. मागून पहिला फटका खांद्यावर बसला तेव्हा त्याला कळलंही नसेल काय होतंय. त्याने दोन्ही हात भिंतीला टेकले आणि तसाच उभा राहिला. दुसरा दुसऱ्या खांद्यावर. मग पाठीवर, त्यावर आडवा अजून एक. रिकाम्या टँकमध्ये आवाज घुमतो. दांड्याचा आवाज आणि मध्ये मध्ये म्हादबाच्या तोंडून निघणारी हवा. कमरेवर बसला तेव्हा तो वाकला, मग मांडीवर, मग पोटरीवर, आणि तो गुडघ्यांवर आला. शेठ शिव्या घालत होता, थुंकी उडत होती त्याच्या तोंडातून. वर वीस माणसं उभी होती. कोणी हललं नाही.

मीही हललो नाही. हातात वही धरून उभा होतो. मला वाटलं चूक केलीय तर एक-दोन पडणारच. एक-दोनचे सात झाले, तरी मी तिथेच.

शेठ दमून वर आला. मी खाली जाऊन म्हादबाला उठवलं आणि कंपनीच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने बंडी कापून काढली. पाठ पाहून तो चुकचुकला. वळ निळे-काळे पडायला लागले होते. मी आयोडीनची वाटी धरून बाजूला उभा होतो आणि माझं लक्ष पाठीवरल्या त्या दोन तिरक्या वळांकडे गेलं, जिथे एक दुसऱ्याला कापून गेला होता. मी ही फुली आधी कुठेतरी काढली होती. वाटी खाली ठेवून वही उघडली.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, माणसाला जिथे तिथे आकार दिसतात. मीही स्वतःला हेच सांगितलं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरिंग टेप घेऊन टँकमध्ये गेलो. म्हादबा कामावर आला होता. इतका मार खाऊनही आला होता, कारण भिंत निस्तरल्याशिवाय दुसऱ्या कामावर घेणार नाही असं शेठने बजावलं होतं. मी म्हटलं, "म्हादबा, बंडी काढा आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहा. वेडा म्हणा हवं तर."

तो निमूट उभा राहिला. मी एकेक वळ मोजला. डावा खांदा तळापासून चार फूट चार इंच. वहीत चार-चार. पाठीवरची फुली तीन-अकरा. वहीत तीन-अकरा. कंबर, मांडी, पोटरी. लांबी जुळली, तिरकेपणा जुळला. कुठे पाव इंचाचाही फरक नाही. आणि डाग पडले होते मार बसायच्या तीन आठवडे आधी.

मग मी टेप चार फूट अकरा इंचांवर धरला. माझं बोट म्हादबाच्या उजव्या कानाच्या मागे टेकलं. तिथे काहीच नव्हतं. साधी कातडी, बारीक कापलेले पांढरे केस.

माझं बोट तिथेच राहिलं म्हणून तो वळला. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि आपल्या कानामागे हात लावला. अक्षर येत नव्हतं त्याला, पण चित्र कळतं माणसाला. मग म्हणाला, "सात झालं. ह्यो आठवा कुनाच्या हातचा, सायेब?"

"कोणाच्याच नाही," मी म्हणालो. "हिरडा आणि लोखंड आहे ते. मी घालवतो. तो जाईपर्यंत तुम्ही इकडे फिरकायचं नाही. घरी पडून राहा."

तो गेला. मी तिथून तडक शेठकडे गेलो आणि त्याची गचांडी धरली. सांगितलं, पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावलास तर ह्याच टँकमध्ये पुरीन. शेठ घाबरला की हसला ते आठवत नाही, पण त्याच संध्याकाळी तो दुसऱ्या कामासाठी मुंबईला गेला. आठवडाभर येणार नव्हता. मी निर्धास्त झालो. मारणाराच नाही तर मार कोण देणार?

तीन दिवस मी त्या एका डागावर घालवले. बाकीचे सात तसेच ठेवले, त्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात फडकी भिजवायची, डागावर चिकटवायची, सुकू द्यायची नाहीत, मग धुऊन घासायचं. घासायला फरशी पॉलिश करायचा दगड होता, विटेएवढा, लाकडी मुठीचा. पहिल्या दिवशी डाग राखाडी झाला. दुसऱ्या दिवशी फिका. हाताची सालं निघाली, नखांत आग व्हायची, पण मी थांबलो नाही. लॅबमधले लोक म्हणायला लागले, ह्याला टँकचं खूळ लागलंय. कोणाला काय सांगणार होतो मी? मी, ज्याने आईच्या हातची वाटी भिरकावली होती, तो एका गवंड्याचा जीव वाचवायला भिंत घासत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी डाग पूर्ण गेला. भिंत दुधासारखी पांढरी. फक्त दगडाने तिथला पापुद्रा खरवडला गेला होता, बशीएवढा उथळ खड्डा पडला होता. मी त्याच्यावर गाल टेकला आणि खरं सांगतो, रडलो. त्या संध्याकाळी पिंपळे गुरवच्या एका माणसाबरोबर म्हादबाला निरोप धाडला - डाग गेला, नुसता खड्डा उरलाय, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी बाकीचे सात डाग काढायला दगड घेऊन शिडी उतरलो. म्हादबा आधीच आत होता. भिंतीकडे तोंड करून, तो खड्डा बुजवत होता. थापी अशी हळू फिरवत होता की आवाजही येत नव्हता. पायाशी घमेलं, घमेल्यात पांढरा माल. मी दोन पावलं पुढे गेलो आणि मला हिरड्याचा वास आला. घमेल्याच्या शेजारी तांब्या होता, तांब्यात तपकिरी पाणी.

"काय घातलंस ह्यात?" मी विचारलं. म्हादबाला मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

तो वळला नाही. हात चालूच. "थोडंच घातलंया, सायेब. त्याबिगर धरत न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. तीन दिवस, माझे हात, माझी झोप... आणि हा माणूस स्वतःच्या हाताने तोच डाग पुन्हा त्याच जागी भरतोय. आपलं मरण गुळगुळीत करतोय. मला त्याला खांद्याला धरून मागे खेचायचं होतं. आजही शपथेवर सांगेन, मला त्याला फक्त बाजूला करायचं होतं. पण दगड माझ्या उजव्या हातात होता, आणि माझा हात आधी चालायचा.

एकदाच मारलं. ओला नारळ फुटतो तसा आवाज झाला. त्याचं कपाळ ओल्या प्लॅस्टरवर आपटलं, थापी हातातून सुटली, आणि तो भिंतीला घासत खाली आला. त्या पांढऱ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत रक्ताचा पट्टा. मी खाली वाकलो. उजव्या कानामागे हाड आत गेलं होतं. मोजायला टेप काढला नाही.

त्याला खांद्यावर टाकून मी शिडी कशी चढलो माहीत नाही. कंपनीच्या ट्रकमधून पुण्याला दवाखान्यात नेलं. वाटेत बोपोडीच्या पुलावर त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. माझा शर्ट सगळा भरला होता. ट्रकचा ड्रायव्हर दोनदा म्हणाला, राव, पडला कसा?

तिसऱ्या दिवशी म्हादबाला थोडी शुद्ध आली. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ठरवलं होतं, त्याने बोट दाखवलं की हात पुढे करायचे. म्हादबाने जड जिभेने सांगितलं, "शेवाळावरनं पाय घसरला." आठवडाभर कोरडा पडलेला टँक, कसलं शेवाळ? हवालदाराने लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गेला. म्हादबाने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही.

नवव्या दिवशी तो गेला.

त्याची बायको ठकूबाई नऊही दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती. तो गेल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसलो. सांगायचं म्हणूनच बसलो होतो. तिने डोळे पुसले, फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. म्हणाली, "खावा. तुमी बी चार दीस काय खाल्लं न्हाई, बघतीया मी. तुमी खांद्यावर घालून आनलं म्हून नऊ दीस तरी दिसला मला."

मी भाकरी हातात घेतली.

"लई जीव व्हता तुमच्यावर त्यांचा," ती म्हणाली. "त्या दिशी अंगात कनकन व्हती. म्या म्हनलं नगा जाऊ. तर म्हनले, पोरानं माज्यापायी तीन दीस हात सोलून घेतलं. तेवढा खड्डा चांगला बुजवून येतो, त्याला कुनी बोल लावाया नगं."

मी तिचं ऐकलं, आणि ती भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली. तिने दिलेलं पाणी प्यायलो आणि उठलो.

पुढे ते सगळं प्लॅस्टर फोडून नवीन केलं, टँकमध्ये साहेबांची पोरं वर्षानुवर्षं पोहली, पुन्हा कधी डाग पडला नाही. डाग कशाने पडतात ते मी तुम्हाला आजही झोपेतून उठून सांगेन... हिरडा आणि लोखंड. पण हिरडा सगळ्या भिंतीत होता आणि लोखंड सगळ्या पाण्यात होतं. मग डाग आठच का, तिथेच का, आणि आधीच कसे? पासष्टहून अधिक वर्षं झाली, ह्याला उत्तर नाही. कधी वाटतं मी डाग घासलाच नसता तर खड्डा पडला नसता, खड्डा नसता तर तो आलाच नसता. कधी वाटतं, भिंतीचा काही संबंधच नाही, हात माझा होता. इथे कोणी जाणकार असतील तर त्यांनी काय ते सांगावं. मी भूत मानत नाही, हे मात्र धरून चाला.

ठकूबाई त्यानंतर बावीस वर्षं जगली. दर दिवाळीला मी पिंपळे गुरवला जायचो, ती मला ओवाळायची, आणि तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.